भांडवलाचा उंबरठा

बांगलादेशातील चितगाव विद्यापीठाच्या आवाराला लागूनच जोब्रा नावाचे एक खेडे आहे. १९७६ साली त्या विद्यापीठात अर्थशास्त्राचे विभागप्रमुख असलेले मुहम्मद युनुस विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन त्या गावात हिंडत असत. एका मातीच्या घरासमोर त्यांना बांबूची आसने विणणारी एक बाई दिसली. तिकडे या आसनाला ‘मोडा’ म्हणतात. एका मोड्याला लागणारा बांबू ५ टक्यांचा. तिच्याजवळ ५ टका नव्हते. गावात येणारा व्यापारी तिला सकाळी बांबू देई आणि संध्याकाळी तयार मोडा स्वतःच घेऊन जाई. हिशेब साडेपाच टक्यांनी होई. दिवसभराच्या विणकामाचे तिच्या हाती ५० पैसे उरत.

व्यापारी घरात वाढलेल्या वाचकाने हा व्यवहार एकदा सावकाश तपासून पाहावा. सकाळी दिलेली रक्कम संध्याकाळी फिटली. बाकी काही नाही. वहीत व्याजाचा रकानाच नाही. बाहेरच्या माणसाने ती वही पाहिली तर व्यापाऱ्याने बिनव्याजी उचल दिली, असेच तो म्हणेल. वस्तुतः व्याज भावात मुरलेले आहे. मोडा कोणाला विकायचा हे तिने ठरवायचे नाही आणि किती किमतीला विकायचा हेही तिने ठरवायचे नाही, ही त्या ५ टक्यांची खरी किंमत होती. बाजारात जाऊन चार गिऱ्हाइकांना माल दाखवण्याचा साधा अधिकार तिने रोज सकाळी गहाण ठेवलेला असे.

युनुस यांनी विद्यार्थिनीकरवी गावातील अशा माणसांची यादी करवली. ४२ नावे निघाली. त्या सर्वांची मिळून गरज होती ८५६ टका, म्हणजे त्या वेळच्या दराने २७ डॉलरहूनही कमी. ती रक्कम त्यांनी खिशातून दिली. पुढे बँकेकडे गेल्यावर, तारण नसलेल्या माणसाला कर्ज देता येत नाही, असे उत्तर मिळाले आणि अखेर स्वतः जामीन राहून त्यांनी कर्ज मंजूर करून घेतले. ही कथा आता जगप्रसिद्ध आहे. तिचा शेवट मात्र बहुतेक जण नोबेल पारितोषिकाशी करतात, आणि त्यानंतर जे कळले ते अधिक महत्त्वाचे असूनही सांगायचे राहून जाते.

विकसनशील देशांतील दारिद्र्याची कारणे विचारली की लोकसंख्या, निरक्षरता, आळस, दैव अशी यादी झटपट पुढे येते. बांगलादेशाच्या बाबतीत तर पूर आणि वादळे यांचीही भर पडते. ही कारणे सर्वस्वी खोटी नाहीत. तथापि १९७४ सालच्या तेथील दुष्काळाचा अमर्त्य सेन यांनी जो अभ्यास केला, त्यातून एक वेगळीच बाब पुढे आली. त्या वर्षी देशातील दरडोई धान्याची उपलब्धता आगेमागच्या वर्षांपेक्षा कमी नव्हती. उलट किंचित अधिकच होती. पावसाळ्यात महापूर आला, शेतावरील कामे बंद पडली आणि मजुरांची रोजची कमाई थांबली. पुढील पीक बुडणार या धास्तीने तांदळाचे भाव भराभर चढले. बुडालेल्या पिकाचा खरा तुटवडा हिवाळ्यात जाणवायचा होता. माणसे त्याआधीच मेली. तांदूळ होता, खाणारी तोंडेही होती. त्या दोहोंना जोडणारा पैसा मजुराच्या कनवटीतून नाहीसा झाला होता. ज्यांच्याजवळ साठा होता त्यांनी भाव चढण्याची वाट पाहिली. व्यापाराच्या नेहमीच्या नियमाने त्यात नवल काही नाही, आणि म्हणूनच हा इतिहास व्यापारी समाजाने अधिक बारकाईने वाचावा असा आहे.

गरिबी म्हणजे कमी उत्पन्न, ही व्याख्या अपुरी आहे. उत्पन्न कमी असते हे तर खरेच. पण ते अवेळी आणि अनिश्चित येते, हे त्याहून जाचक असते. बांगलादेश, भारत आणि दक्षिण आफ्रिका या तीन देशांत काही अभ्यासकांनी अडीचशेहून अधिक गरीब कुटुंबांचे जमाखर्च वर्षभर लिहून काढले. दर पंधरवड्याला घरी जाऊन, आलेला व गेलेला प्रत्येक पैसा त्यांनी विचारून नोंदवला. २००९ साली हे काम पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. त्यातील कुटुंबे हातावर पोट असलेली. शिल्लक कसली, उधारी कसली, असे कोणालाही वाटावे. प्रत्यक्षात या कुटुंबांचा पैशाचा व्यवहार चांगल्या दुकानदाराला लाजवील इतका गुंतागुंतीचा निघाला. शेजारणीकडे ठेवायला दिलेली रक्कम, भावाकडून घेतलेले हातउसने, वाण्याकडची उधारी, भिशी, सावकार, घरमालकाकडे थकलेले भाडे, मालकाकडून घेतलेली पगाराची उचल हे सारे एकाच वेळी चालू होते. बांगलादेशातील एकाही कुटुंबाचे असे मार्ग चारपेक्षा कमी नव्हते. ‘दिवसाला दोन डॉलर’ हा आकडा आपण वृत्तपत्रात वाचतो, पण ती सरासरी आहे. आज चार, उद्या शून्य, परवा शून्य आणि त्याच दिवशी मुलाला ताप, असे तिचे खरे रूप असते.

उत्तर बांगलादेशातील रंगपूर भागात या अनिश्चिततेला एक नावच आहे, ‘मोंगा’. आश्विन-कार्तिकात भाताची लावणी आटोपलेली असते आणि कापणीला अवकाश असतो. मजुराला काम नसते आणि तांदूळ महागलेला असतो. वर्षानुवर्षे त्या दोन महिन्यांत तेथील लोक जेवणे कमी करीत. ढाक्यात मात्र त्याच दिवसांत रिक्षा ओढायला, विटा वाहायला माणसे हवी असत. मग ते जात का नव्हते? २००८ साली काही अर्थशास्त्रज्ञांनी कुटुंबातील एकाने शहरात जावे या अटीवर ६०० टका देऊ केले. रक्कम बसभाड्याला आणि पहिल्या काही दिवसांच्या जेवणाला पुरेल एवढीच. तेवढ्याने शंभरांपैकी आणखी २२ कुटुंबांतून माणूस बाहेर पडला, आणि अशा कुटुंबांचा खाण्यापिण्याचा खर्च सुमारे एक-तृतीयांशाने वाढला. त्यांतील बरेच जण पुढील वर्षी काही न घेता आपणहून गेले. शहरात काम मिळते हे त्यांना आधीही ऐकून माहीत होते. पण भाडे खर्चून गेल्यावर काम मिळाले नाही तर घरी उपासमार, ही भीती त्यांना उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देत नव्हती. ज्याच्या गल्ल्यात चार महिन्यांची शिल्लक असते तो नव्या गावी शाखा उघडून पाहतो. बुडाली तर बुडाली. धोका पत्करण्याची ही ऐपत हेसुद्धा भांडवलच होय. (हाच उपक्रम पुढे फार मोठ्या प्रमाणावर राबवला तेव्हा तसा परिणाम दिसला नाही, आणि २०१९ साली तो बंद करण्यात आला. छोट्या प्रयोगात साधलेली गोष्ट विस्तारात तशीच साधेल असे नसते, हे प्रामाणिकपणे मान्य करून थांबणारी माणसे या क्षेत्रात विरळा.)

आता पुन्हा जोब्राकडे. त्या ८५६ टक्यांतून ग्रामीण बँक उभी राहिली. १९८३ साली तिला स्वतंत्र बँकेचा दर्जा मिळाला. तिची रीत नेहमीच्या बँकेच्या अगदी उलट होती. ग्राहकाने बँकेत यायचे नाही. बँकेच्या माणसाने सायकलवरून गावात जायचे. कागदोपत्री तारण नाही. पाच जणींचा गट करायचा. आधी दोघींना कर्ज, त्यांचे हप्ते नीट आले की पुढच्या दोघींना, आणि शेवटी गटप्रमुखाला. कर्जदारांत शेकडा नव्वदहून अधिक स्त्रिया. दर आठवड्याला सर्वांसमक्ष बैठक आणि सर्वांसमक्ष हप्ता. बँकिंगचा अनुभव असलेल्या कोणालाही यातील शहाणपण लगेच कळेल. कर्जदाराची पत कशी आहे हे शोधायला बँकेला जो खर्च येतो, तो येथे शेजारणी फुकटात करीत होत्या. २००६ साली युनुस आणि ग्रामीण बँक यांना मिळून शांततेचे नोबेल पारितोषिक देण्यात आले, तोवर या पद्धतीचे अनुकरण जगभर झाले होते.

परंतु दर आठवड्याचा हप्ता याचा अर्थ काय, हे नीट पाहिले पाहिजे. आज कर्ज घेतले आणि थोड्याच दिवसांत पहिला हप्ता सुरू झाला, तर तो हप्ता कशातून भरायचा? ज्या धंद्यात पैसा रोजच्या रोज फिरतो त्यातून, नाही तर नवऱ्याच्या मजुरीतून. झाड लावले, वासरू वाढवले, मुलाला कसब शिकायला पाठवले, तर परतावा वर्षा-दोन वर्षांनी येतो. त्याला हे कर्ज निरुपयोगी. शिवाय एकीचा हप्ता चुकला तर गटाला तोशीस, म्हणून गटही बेताचाच, धोका नसलेला धंदा पसंत करी. आणि जिच्या घरात कसलीच आवक नाही, अशा विधवेला किंवा टाकलेल्या स्त्रीला गटात घ्यायलाच कोणी तयार नसे. अनेकदा ती स्वतःच नको म्हणे. न फिटणारे कर्ज ओळखण्याइतके व्यवहारज्ञान तिच्यापाशी होते. १९९८ सालच्या पुरात देशाचा जवळजवळ दोन-तृतीयांश भाग पाण्याखाली गेला, तेव्हा हप्त्यांचे हे काटेकोर वेळापत्रक ढासळले. त्यानंतर ग्रामीण बँकेने आपले नियम बदलून २००१-०२ च्या सुमारास हप्ते लवचीक केले, हे तिच्या श्रेयाचे म्हटले पाहिजे.

आपल्याकडे हाच मार्ग दोन वळणांनी आला. एक वळण बचत गटांचे. १९९२ साली नाबार्डने गटांना बँकांशी जोडण्याचा उपक्रम सुरू केला. त्यात आधी बचत, मग गटातल्या गटात उसनवारी आणि नंतर बँकेचे कर्ज असा क्रम होता. महाराष्ट्रात आज असे गाव सापडणे कठीण, जेथे बचत गट नाही. दुसरे वळण सूक्ष्म वित्त कंपन्यांचे, आणि ते आंध्र प्रदेशात फार तीव्र होते. एकाच बाईला चार-चार कंपन्यांनी कर्ज दिले. एकीचा हप्ता दुसरीच्या कर्जातून जाऊ लागला. ऑक्टोबर २०१० मध्ये राज्य सरकारने वटहुकूम काढला, वसुली कोसळली आणि रिझर्व्ह बँकेला वाय. एच. मालेगाम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. कर्ज देणे हा उपकार आहे असे मानून दिलेले कर्ज आणि केवळ आकडा वाढवण्यासाठी दिलेले कर्ज, दोन्ही घेणाऱ्याच्या दारात सारख्याच व्याजाने उभी राहतात.

२०१५ साली बोस्निया, इथिओपिया, भारत, मेक्सिको, मंगोलिया आणि मोरोक्को या सहा देशांतील काटेकोर अभ्यास एकत्र प्रसिद्ध झाले. भारतातील पाहणी हैदराबादच्या वस्त्यांमधील होती. निष्कर्ष शांतपणे वाचण्यासारखा आहे. सूक्ष्म कर्जाने लोक देशोधडीला लागले नाहीत, तसे ते दारिद्र्यातून बाहेरही पडले नाहीत. ज्यांचा धंदा आधीच चालू होता त्यांचा काहीसा वाढला. काहींनी सावकाराचे देणे फेडले, काहींनी घराला पत्रे घातले. कुटुंबाच्या एकूण उत्पन्नात ठळक वाढ मात्र आढळली नाही.

असे असूनही बांगलादेशातील दारिद्र्य घटले आहे. सरकारी पाहणीप्रमाणे दारिद्र्यरेषेखालील लोकांचे प्रमाण २००० साली ४८.९ टक्के होते. २०२२ साली ते १८.७ टक्क्यांवर आले. याचे मोठे श्रेय तयार कपड्यांच्या कारखान्यांना आणि परदेशात राबणाऱ्या मजुरांनी पाठवलेल्या पैशाला द्यावे लागेल. १९७९ साली देश गार्मेंट्स या कंपनीने १३० कर्मचारी कोरियातील देवू कंपनीकडे शिकायला पाठवले. परत आल्यावर त्यांतील बहुतेकांनी स्वतःचे किंवा इतरांचे कारखाने उभे केले आणि खेड्यांतील लक्षावधी मुली महिन्याच्या महिन्याला पगार घेऊ लागल्या. पगार मोठा नव्हता. पण तो ठरल्या तारखेला येत होता. त्याची किंमतही मोजावी लागली. २४ एप्रिल २०१३ रोजी सावर येथील राणा प्लाझा ही इमारत कोसळून ११०० हून अधिक कामगार ठार झाले. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसले होते, तरीही दुसऱ्या दिवशी त्यांना कामावर बोलावण्यात आले होते.

कारखाना तरुण आणि धडधाकट मुलीला सामावून घेतो. दोन लहान मुले असलेली, दुसऱ्याच्या घरी भांडी घासून पोट भरणारी, पन्नाशीची विधवा मात्र कारखान्यातही नसते आणि पाच जणींच्या गटातही नसते. तिचे काय करायचे, या प्रश्नाचे उत्तर ज्या संस्थेने शोधले तिचे नाव ‘ब्रॅक’. तिचे संस्थापक फझले हसन आबेद लंडनमध्ये हिशेबशास्त्र शिकलेले आणि चितगावात शेल कंपनीत अधिकारी असलेले गृहस्थ होते. मुक्तियुद्धानंतर त्यांनी लंडनमधील आपले घर विकले आणि त्या पैशातून १९७२ साली सिल्हेट भागातील शाल्ला येथे, परतणाऱ्या निर्वासितांची घरे उभारण्याचे काम सुरू केले.

हिशेबनिसाची नजर या संस्थेच्या कामात जागोजाग दिसते. अतिसाराने लहान मुले दगावत, तेव्हा १९८० ते १९९० या दहा वर्षांत तिच्या कार्यकर्त्या सव्वा कोटीच्या आसपास घरांत गेल्या. अर्धा शेर पाणी, तीन बोटांची चिमूटभर मीठ आणि मूठभर गूळ, एवढेच त्यांनी प्रत्येक आईला स्वतःच्या हाताने करायला शिकवले. खरी युक्ती पुढे होती. काही दिवसांनी दुसराच माणूस जाऊन काही घरे तपासून पाही, आणि आईला किती आठवते त्यावर कार्यकर्तीचा मोबदला ठरे. किती घरे फिरली याला मोल नव्हते. मालाच्या वजनाऐवजी त्याची खपत पाहून दलाली द्यावी, तसा हा प्रकार. गरीब घरातील एक आजारपण जमवलेले सर्व काही विकायला लावते, म्हणून या चिमूटभर मिठाला दारिद्र्यनिवारणाच्या इतिहासात मानाची जागा आहे.

२००२ साली ब्रॅकने अतिदरिद्री स्त्रियांसाठी एक वेगळी योजना आखली. गावकऱ्यांना एकत्र बसवून जमिनीवर गावाचा नकाशा काढायचा, घरांची प्रतवारी त्यांच्याकडूनच करून घ्यायची आणि मग प्रत्येक घरी जाऊन खात्री करायची. निवडलेल्या स्त्रीला कर्ज द्यायचे नाही. एक गाय, शेळ्या, कोंबड्या किंवा छोट्या व्यापाराचा माल तिला कायमचा द्यायचा. त्या मालमत्तेतून उत्पन्न सुरू होईपर्यंत पोटासाठी थोडा साप्ताहिक भत्ता द्यायचा, म्हणजे उपासमारीच्या आठवड्यात ती गाय विकणार नाही. दर आठवड्याला एक माणूस घरी जाऊन जनावराची निगा, बचत, औषधपाणी शिकवील. आणि हे सारे दोन वर्षे. शेळ्या-कोंबड्या पाळण्यामागील हेतू या मासिकाच्या अनेक वाचकांना रुचणारा नाही, हे उघड आहे. योजनेचा गाभा मात्र जनावरात नसून रकमेच्या आकारात आणि त्या भत्त्यात आहे.

याच योजनेच्या निमित्ताने १३०९ गावांतील कुटुंबांची ११ वर्षे पाहणी करण्यात आली, आणि तिने एका जुन्या प्रश्नाचा निकाल लावला. माणूस गरीब का राहतो? त्याच्या अंगी कुवत कमी म्हणून, की हाती भांडवल कमी म्हणून? साऱ्या जणींना जवळजवळ सारख्याच किमतीची गाय मिळाली होती. पण काहींच्या घरी आधीच थोडेसे होते. एखादी शेळी, गोठ्यापुरता आडोसा, हातगाडी. गाय मिळताच त्या एका ठरावीक पातळीच्या वर गेल्या आणि पुढे वर्षानुवर्षे त्यांची मालमत्ता वाढत गेली. ज्यांच्यापाशी अक्षरशः काहीच नव्हते, त्या गाय मिळूनही त्या पातळीच्या थोड्या खालीच राहिल्या, आणि त्यांची मालमत्ता हळूहळू झिजून त्या पुन्हा मूळ जागी आल्या. गाय तीच, शिकवण तीच. उंबरठ्याच्या अलीकडे आणि पलीकडे एवढाच फरक. कुवतीचा हिशेब केला तर असे आढळले की, भांडवल असते तर यांतील बहुतेक स्त्रियांनी मोलमजुरीपेक्षा हा व्यवसायच किफायतशीरपणे केला असता.

पेढीवर बसणाऱ्याला यात अपरिचित काही नाही. पाच हजारांच्या मालावर किराणा दुकान चालत नाही. गिऱ्हाइकाला हवी ती वस्तू नेमकी नसते, घाऊक भावात खरेदी होत नाही, आणि घरचा खर्च मालातूनच भागतो; सहा महिन्यांत फळ्या रिकाम्या होतात. तेच दुकान पुरेशा मालाने भरले तर तेच गाव, तोच दुकानदार, आणि धंदा उभा राहतो. आपल्या समाजात गावाहून आलेल्या नातलगाच्या मुलाला दुकानात ठेवून घेत, चार-पाच वर्षे काम शिकवीत आणि मग पेढीवरून उधारीने भरपूर माल देऊन वेगळे दुकान थाटून देत. माल, सांभाळ आणि शिकवण ही तिन्ही एकाच वेळी मिळत होती. सूक्ष्म कर्जाने यांतील फक्त पहिली गोष्ट दिली, तीही उंबरठ्याच्या अलीकडे पडेल एवढीच आणि पुढच्या आठवड्यापासून परत मागत. आपल्या दानधर्माचेही पुष्कळदा असेच होते. शंभर घरांत थोडे थोडे वाटले की पावत्यांची संख्या मोठी दिसते.

ब्रॅकची ही रीत इथिओपिया, घाना, होन्डुरास, भारत, पाकिस्तान आणि पेरू या सहा देशांत पारखण्यात आली. भारतातील पारख पश्चिम बंगालमधील मुर्शिदाबाद जिल्ह्यात ‘बंधन’ या संस्थेने केली. मुर्शिदाबाद हे नाव जैन वाचकांना अनोळखी नाही. नागौरहून पूर्वेकडे गेलेल्या ओसवाल घराण्यातील माणिकचंद यांची पेढी आधी ढाक्यात होती. दिवाण मुर्शिद कुलीखान ढाका सोडून तेथे आला तेव्हा तेही त्याच्याबरोबर आले, आणि १७२३ साली मोगल बादशहाने त्यांच्या वारसाला, फतेहचंदांना, ‘जगत्सेठ’ ही पदवी दिली. ज्या गावाच्या हुंड्या एके काळी दिल्लीपर्यंत वटत होत्या, त्याच जिल्ह्यात तीन शतकांनी दिवसाला एक वेळ जेवणारी कुटुंबे शोधावी लागली. तेथे निवडलेल्या स्त्रियांपैकी बहुतेकींनी जनावरे घेतली, काहींनी फेरीचा व्यापार. दहा वर्षांनंतर अभ्यासक परत गेले तेव्हाही ज्यांना मदत मिळाली होती ती कुटुंबे न मिळालेल्या कुटुंबांपेक्षा अधिक खात होती, अधिक कमावत होती. या प्रकारच्या प्रयोगांची दिशा घालून देणाऱ्या अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर दुफ्लो यांना मायकेल क्रेमर यांच्यासह २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

हा मार्ग स्वस्त नाही. प्रत्येक घरामागे मालमत्तेचा खर्च, भत्ता आणि दोन वर्षे आठवड्याला फिरणाऱ्या माणसाचा पगार एवढे धरावे लागते, आणि यातला सर्वांत जड भाग त्या माणसाचाच असतो. मात्र खर्च एकदाच करावयाचा आहे. त्याच ११ वर्षांच्या अभ्यासात, सर्वांना उंबरठ्यापलीकडे नेण्याचा एकरकमी खर्च, त्यांना अलीकडे ठेवल्याने होणाऱ्या नुकसानाच्या मानाने अगदी थोडा निघाला.

भारतात सरकारी पातळीवर हे काम सर्वांत मोठ्या प्रमाणावर बिहारमध्ये झाले. २०१६ साली तेथे दारूबंदी लागू झाली, आणि गावठी दारू व ताडी विकून जगणाऱ्या कुटुंबांचे रोजचे उत्पन्न एकाएकी थांबले. त्यांच्यासाठी आणि इतर अतिदरिद्री घरांसाठी २०१८ साली सतत जीविकोपार्जन योजना सुरू झाली. निवडलेल्या स्त्रीला रोख रक्कम हाती न देता माल किंवा जनावर घेऊन देतात. सुरुवातीचे सात महिने घरखर्चाला दरमहा एक हजार रुपये देतात, म्हणजे तिने गल्ल्याला हात लावू नये. पुष्कळ जणींनी छोटे किराणा दुकान निवडले आहे. घराच्या ओट्यावर एक फळी, तिच्यावर मीठ, तेल, साबण, बिस्किटे. योजनेची कार्यकर्ती ठरल्या दिवशी येते आणि तिच्याबरोबर बसून दिवसाची विक्री, शिल्लक माल आणि घरात वापरलेल्या वस्तू यांची नोंद करते. लिहिता येत नसेल तर मुलाकडून लिहून घेतात. शेजारपाजारचे सगळे तिच्यासारखेच हातावर पोट असलेले, तेव्हा वहीत सर्वांत लवकर भरणारे पान उधारीचे असणार, हे कोणत्याही दुकानदाराला सांगावे लागणार नाही. कोणाला उधार द्यायचे, किती दिवस द्यायचे आणि शेजारणीला न दुखावता नाही कसे म्हणायचे, हे त्या ओट्यावर बसून, एकेका नावापुढे बोट ठेवून, ठरवले जाते.